चार नंबरचा गाळा

केसरीनाथच्या मुलाच्या हळदीत त्याचं आणि त्याचा भाऊ दौलतशेठचं वाजलं, तेव्हापासून ते दोघं एका सोफ्यावर बसले नव्हते. त्या रविवारी सकाळी बसले. संकटच तसं होतं. दौलतशेठची मुलगी क्षितिजा बाटली, अशी बातमी अंजूरमधून निघून दिघाशीपर्यंत पोचली होती.

बातमीला पुरावाही होता. एक व्हिडिओ. चार नंबरच्या गाळ्यात पुस्तकांच्या रॅकसमोर क्षितिजा उभी होती, हातात एक छोटं निळं पुस्तक होतं, ती हसतहसत काहीतरी सांगत होती, आणि बरोबर तिच्या डोक्यावर, मागच्या भिंतीला क्रूस होता. गावाच्या ग्रुपवर कोणीतरी तो टाकला आणि खाली हात जोडलेली तीन चित्रं टाकली. ते हात आदराचे नव्हते हे अंजूरमध्ये लहान पोरालाही कळलं.

गाळा दौलतशेठ तऱ्यांचाच. खाडीकडच्या भातशेतावर भराव टाकून त्यांनी ओळीनं गाळे बांधले होते. एकात चपला, एकात लहान मुलांचे डायपर, एकात कुठल्याशा मॉलच्या खुर्च्या. चौथ्यात वसईच्या विल्सन रुमावची कंपनी. कॅथलिक घरांत लागणाऱ्या वस्तू तिथून देशभर जायच्या. जपमाळा, मेणबत्त्या, मुलांच्या प्रार्थनांची पुस्तकं, संतांवरचे सिनेमे, बारशाच्या आणि लग्नाच्या भेटी. गाव त्याला येशूचं गोडाऊन म्हणायचं. दौलतशेठना भाडेकरूचा धर्म भाडं थकल्यावरच दिसायचा, आणि रुमाव थकवत नसे. बीकॉम झालेल्या क्षितिजाला तिथं नोकरी लागली तेव्हाही त्यांनी एवढंच पाहिलं होतं, की घराच्या गच्चीवरून गाळ्याचं शटर दिसतं. मुलीची नोकरी गच्चीवरून दिसावी, असं त्यांचं मत होतं.

"तीन गोष्टी करायच्या," धनेश म्हणाला. तो दौलतशेठचा मोठा मुलगा. धर्माचं काम करणाऱ्या एका संघटनेचा तालुका युवा अध्यक्ष होण्यापासून तो एका फोनाइतका लांब होता, आणि तो फोन अडला होता. "व्हिडिओ डिलीट. नोकरी बंद. रुमावला नोटीस. अकरा वाजता संघटनेचे दीपेशभाऊ शेलार गावावरून येतायत खुलासा घ्यायला. त्याच्या आधी आपलं ठरलं पाहिजे."

"व्हिडिओ कंपनीच्या पेजवर हाय, दादा. माझ्या खिशात न्हाय," क्षितिजा म्हणाली. ती खुर्चीवर नव्हे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी होती.

"धनेश बरोबर बोलतंय," केसरीनाथ म्हणाला.

दौलतशेठनी भावाकडे पाहिलं. केसरीनाथ या घरातल्या कोणाला बरोबर म्हणतोय, हे हळदीनंतर पहिल्यांदाच घडत होतं. त्यांना शंका आली. ती फार वेळ टिकवावी लागली नाही.

"गाला रिकामा झाला तर मना एक भाडेकरू ठाव हाय," केसरीनाथ खालच्या आवाजात म्हणाला. "परफ्यूमवाला. दुबईचा मानूस. धर्माला काय वास नसतो, पन धंद्याला बरा असतो."

दौलतशेठच्या बायकोनं, हौसानं, पदरानं डोळे पुसले. "काल्हेरचे लोक पुढच्या रविवारी पोरीला बघाया येनार होते. काल फोन आला, म्हनं जरा थांबू." मग ती मुलीकडे न बघता नवऱ्याला म्हणाली, "अवो, सोडू दे ती नोकरी. माजं आईक."

एक आक्का तेवढी राहिली होती. दौलतशेठची थोरली बहीण. नवरा गेल्यावर भावाकडे आली, ती घराची झाली. तिच्यासमोर दौलतशेठचा आवाज आपोआप अर्धा व्हायचा.

"पोरीनं काय चोरी केली?" आक्कानं विचारलं.

"चोरी केली असती तर वकील लावला असता, आक्का," धनेश म्हणाला. "ह्याला वकील न्हाय."

दौलतशेठ मनातल्या मनात मोजत होते. दोन वेळा सरपंच राहिलेल्या माणसाची ती सवय असते. धनेश, केसरीनाथ, हौसा एका बाजूला. आक्का दुसऱ्या बाजूला. ज्या बाजूला डोकी जास्त, त्या बाजूला त्यांचा निकाल जायचा, आणि मग तो निकाल आपण किती विचार करून दिला हे ते वर्षभर सांगायचे. त्यांनी घसा साफ केला.

तेवढ्यात केसरीनाथला सुचलं. "दीपेशभाऊ घरात येनार. हात धुवायला आत जाईल. त्या गोडाऊनचं काय काय आपल्या घरात पडलंय ते आधी एका जागी आना. पेटीत घालू, माळ्यावर टाकू."

कल्पना सगळ्यांना पटली. डागी माल, पॅकिंग फाटलेला माल, रुमाव कामगारांना आणि मालकाच्या घरी वाटायचा. असून असून किती असणार!

आधी आक्काचा टॅब आला. त्यात सिनेमा होता. एका संताच्या आईचा, मराठीत आवाज दिलेला. पोरगा वाया गेलेला, दारू, बायका, सगळं करून झालेलं, आणि ही माउली वर्षानुवर्षं रडून देवाला सांगतेय. आक्कानं तो किती वेळा पाहिला होता ते तिलाही सांगता आलं नसतं.

"त्याचं शेवटी चांगलं होतं," आक्का टॅब खाली ठेवत म्हणाली. धनेशकडे बघून पुढं म्हणाली, "आईनं लय रडायला लागतं पन."

मग स्वयंपाकघरातून पंखवाल्या पोराचा, म्हणजे देवदूताचा, रात्रीचा दिवा आला. दौलतशेठच्या चहाचा मग आला. त्यावर चोचीत पान धरलेलं कबूतर होतं, आणि चार महिने चहा पिताना ते कबूतर एवढं पांढरं का, असा प्रश्न त्यांना पडला नव्हता. शेवटी हौसानं डाळीच्या डब्यामागून एक लाकडी घर काढलं. कौलातून हात घातला की आत चिठ्ठ्या होत्या. रोज एक काढायची, त्यात लिहिलंय ते दिवसभरात करायचं.

"हे काय?" दौलतशेठनी एक चिठ्ठी उचलून लांब धरून वाचली. ज्याचे कधी आभार मानले नाहीत, अशा एका माणसाचे आज आभार माना.

त्यांना आठवलं. मागच्या महिन्यात एका सकाळी हौसा अचानक समोर येऊन "तुमचे आभार" म्हणाली होती, आणि त्यांनी घाबरून विचारलं होतं की काय फुटलं.

"त्यात देवाचं नाव फार न्हाय," हौसा पुटपुटली. "चांगल्या गोष्टी हायत. मी नाव आलं की आपल्या देवाचं घ्यायचे."

केसरीनाथ जोरात हसला. तेव्हा क्षितिजा म्हणाली, "काका, तुमच्या नातीचं रंगवायचं पुस्तक पण आणा ना. होडीत सगळे प्राणी जोडीनं चढतात ते. तुम्हीच मागून नेलंत, हत्ती चांगला हाय म्हणून."

केसरीनाथचं हसू थांबलं. "ते पोरांचं हाय," तो म्हणाला. थोड्या वेळानं शेजारच्या घरातून पुस्तक आलं. हत्तीला जांभळा रंग दिला होता.

टीपॉयवर ढीग झाला. धनेश त्याच्याभोवती फिरला. पुरावे गोळा झालेल्या फौजदाराचा आनंद त्याच्या तोंडावर होता. "बघा बाबा. घर पोखरलंय हिनं. सगळ्यांना थोडं थोडं करून. आक्का, आई, काका, तुम्ही. एक मीच सुटलो."

"न्हाय सुटलास," क्षितिजा म्हणाली. "तुझी गाडीची चावी ठेव त्यात."

"चावी? चावीला वसुदेव हाय."

त्यानं चावी खिशातून काढून सगळ्यांना दाखवली. पितळी बिल्ला. दाढीवाला, काठी हातात, गुडघाभर पाण्यात उतरलेला माणूस, आणि त्याच्या खांद्यावर लहान बाळ. मागच्या बाजूला धनेशचा फोटो, हात जोडलेला, आणि खाली गोकुळाष्टमीच्या हार्दिक शुभेच्छा. दहीहंडीच्या दिवशी त्यानं असे बिल्ले आजूबाजूच्या गावांत घरटी वाटले होते. इतकं स्वस्तात इतकं नाव त्याचं पूर्वी कधी झालं नव्हतं.

"खोका तूच नेलास रुमाव सरांकडून," क्षितिजा म्हणाली. "कडी सैल होती म्हणून ते फेकणार होते. खोक्यावर काय लिहिलं होतं वाचलंस?"

"इंग्लिशमध्ये होतं."

"संत ख्रिस्तोफर. प्रवाशांचा रक्षणकर्ता. खांद्यावर आहे तो बाळ येशू."

आक्कानं बिल्ला हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. "पन यमुना तर हाय," ती म्हणाली.

"यमुना न्हाय, आक्का. दुसरी नदी."

धनेश सोफ्यावर बसला. त्याचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा झाला. "तू मला तेव्हा का न्हाय सांगितलंस?"

"सांगायला आलेले. तू बोललास, बॅनरचं काम चालू हाय, नंतर ये."

दौलतशेठनी पुन्हा मोजायला घेतलं, पण आता डोकी जागेवर राहत नव्हती. केसरीनाथ उठून खिडकीशी गेला होता आणि परफ्यूमवाल्याचं नाव काढत नव्हता. हौसा मुलीच्या बाजूला सरकली होती. आणि धनेश, जो सकाळपासून नोटीस नोटीस करत होता, तो एकदम म्हणाला, "रुमावला आता काढायचा न्हाय. काढला तर तो बोलेल."

फाटकाशी हॉर्न वाजला. हौसानं बेडशीट आणून ढिगावर टाकली. ढीग झाकला गेला, पण आतला दिवा दाबला जाऊन लागला, आणि चादरीखालून निळा उजेड यायला लागला. आक्का पुढं झाली आणि त्यावर बसली.

दीपेशभाऊ दोन पोरांसह आत आला. चाळिशीचा, कपाळावर टिळा, आवाज सभेचा. त्यानं आक्काला वाकून नमस्कार केला, दौलतशेठना शेठ म्हणाला, चहा नको म्हणाला आणि घेतला. मग बोलताना हात मोकळे हवेत म्हणून त्यानं गाडीची चावी सोफ्याच्या हातावर ठेवली. तिलाही तोच बिल्ला होता, तो उलटा पडला. धनेशचा फोटो छताकडे हात जोडून बघत होता.

"शेठ, मी धनेशसाठीच आलोय," दीपेशभाऊ म्हणाला. "पोरगं कामाचं हाय. त्याचा तो वसुदेव आमच्या आईनं देव्हाऱ्यात ठेवलाय. ती कोणाचं काय ठेवून घेत नाय, पण तो ठेवला. रोज हळदकुंकू. गुडघ्याला फरक पडला, बोलते."

धनेशला ठसका लागला. हौसानं पाणी दिलं.

"पण बहिणीचा विषय आला की वरचे विचारतात. आपल्या घरातली पोरगी दुसऱ्याचा देव विकते, हे बरं दिसत नाय. मार्ग सोपा हाय. ताईनं एक व्हिडिओ करायचा. माझी दिशाभूल झाली, मी माफी मागते, नोकरी सोडते. आजच ग्रुपवर टाकू. धनेशची नेमणूक उद्या."

सगळे दौलतशेठकडे बघू लागले. त्यांनी क्षितिजाकडे पाहिलं. ती वाद घालेल असं त्यांना वाटलं होतं, आणि वादाला ते तयारही होते. तिनं वाद घातला नाही. तिनं केस मागं घेतले, उजेड तोंडावर येईल अशी भिंत शोधली आणि तिथं जाऊन उभी राहिली.

"आडवा धरा मोबाइल," ती दीपेशभाऊच्या पोराला म्हणाली. "बोला भाऊ, काय म्हणायचं?"

"माझी दिशाभूल झाली."

"माझी दिशाभूल झाली," क्षितिजा म्हणाली. आवाज स्वच्छ होता. फक्त हातात पुस्तक नव्हतं, त्यामुळे हात कुठं ठेवायचे ते तिला कळत नव्हतं. ते तिनं ओढणीत गुंडाळले.

दौलतशेठना एकाएकी एक गोष्ट जाणवली. व्हिडिओ त्यांनी अनेकदा बघितला होता, पण आवाज बंद करून, कारण तो दर वेळी चार माणसांत बघावा लागला होता.

"थांब," ते म्हणाले. "ती बोलली काय त्या व्हिडिओत?"

दीपेशभाऊनं धनेशकडे पाहिलं. धनेशनं काकाकडे. केसरीनाथ म्हणाला, "क्रूस दिसतोय ना मागं."

"दिसतोय ते दिसलं. आईकलंय कोनी?"

कोणीच ऐकलं नव्हतं. सगळ्यांनी पुढं पाठवला होता. शेवटी आक्का चादरीवरून न उठता म्हणाली, "लाव रं तो." दीपेशभाऊच्या पोरानं आवाज मोठा करून लावला.

क्षितिजाचा आवाज हॉलमध्ये आला. रात्री जेवायला बसताना टीव्ही बंद करा, मोबाइल लांब ठेवा. पहिल्यांदा मुलांना विचारा, आज तुझा दिवस कसा गेला? त्यांनी सांगितलेलं पूर्ण ऐका. मध्ये बोलू नका. मग सगळ्यांनी मिळून देवाचे आभार माना. ह्या पुस्तकात रोजच्यासाठी एकेक छोटी प्रार्थना आहे.

संपलं. एवढंच होतं.

"कोणत्या देवाचे, ते बोलली नाय," दीपेशभाऊचा पोरगा म्हणाला. दीपेशभाऊनं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो फोन खिशात घालून उभा राहिला.

"शब्दांचा विषय नाय, शेठ. दिसण्याचा हाय. ताई, परत घेऊ. माझी दिशाभूल..."

दौलतशेठ उठले. आपण काय करणार आहोत हे त्यांना उठेपर्यंत ठाऊक नव्हतं. त्यांनी सोफ्याच्या हातावरची चावी उचलली, बिल्ला सुलटा केला आणि दीपेशभाऊच्या हातात दिला.

"भाऊ, हा वसुदेव न्हाय. हा त्यांचा संत हाय. वरचं पोर येशू हाय. माज्या पोरीनं एक पुस्तक दाखवलं. माज्या पोरानं घरोघरी देव पोचवला, आनि मागं सवताचा फोटो लावून पोचवला. तुमच्या देव्हाऱ्यात पन तोच बसलाय. आता माफी कोनी मागायची ते तुमी सांगा. दोघांचा व्हिडिओ एकदम काढू."

दीपेशभाऊनं बिल्ला बघितला. पुन्हा बघितला. खिडकीकडे जाऊन उजेडात बघितला. सभेचा आवाज कुठंतरी गेला.

"हे कोणाकोणाला माहीत हाय?"

"ह्या खोलीत हायत तेवढ्यांना."

"खोलीतच राहू दे." तो सावकाश बसला. मग घरच्या माणसाला विचारावं तसं, त्यानं आक्काला विचारलं, "आईच्या देव्हाऱ्यातून कसा काढायचा तो? ती काढू देणार नाय."

"कशाला काढतंस?" आक्का म्हणाली. "तिचा गुडघा बरा हाय ना?"

जाताना दीपेशभाऊनं व्हिडिओचं नाव काढलं नाही. ग्रुपवर दुपारी त्याचा संदेश आला, की क्षितिजाताईंचा व्हिडिओ कुटुंबसंस्कारांविषयी असून कोणीही गैरसमज पसरवू नये. खाली पुन्हा हात जोडलेली तीन चित्रं. संध्याकाळी धनेशची नेमणूक झाली. केसरीनाथनं पेढे आणले आणि नातीचं रंगवायचं पुस्तक परत नेलं. काल्हेरच्यांचाही फोन आला, म्हणे येतो. हौसानं दिवा पुन्हा ओट्यावर लावला.

दौलतशेठना वाटत होतं, मुलगी येऊन काहीतरी बोलेल. बापानं घराण्याची अब्रू पणाला लावून तिला सोडवलं होतं. ती ताट वाढून निघून गेली. शेवटी त्यांनीच विचारलं, "खूश हायस ना आता?"

"तुम्ही मला दादाच्या चुकीवर सोडवलंत, बाबा," ती म्हणाली. "त्यानं घोळ घातला नसता तर मी माफी मागून घरी बसले असते. मी वाईट काय केलं न्हाय, असं कोणी बोललं का? तुम्ही बोललात?"

आणि ती खोलीत गेली.

सोमवारी दौलतशेठ चार नंबरच्या गाळ्यात गेले. पत्रा गळतो का बघायला आलो, असं त्यांनी शटरपाशी सांगितलं. महिना मार्चचा होता. रुमावनं काही विचारलं नाही, आत नेलं. गाळा दिल्यापासून ते आत आले नव्हते. त्यांना वाटायचं तसा तिथं अंधार आणि मेणबत्त्या नव्हत्या. रॅक होते, पट्टे मारलेले खोके होते, एक फोर्कलिफ्ट मागं पुढं करत होती. कोपऱ्यात टेबल मांडलं होतं, त्यावर ताटं, वाफाळता भात, समोर कॅमेरा. क्षितिजा कागद वाचत उभी होती. तिनं बापाला पाहिलं आणि परत कागदात बघू लागली.

"नवीन व्हिडिओ," रुमाव म्हणाला. वसईचा माणूस, बोलणं मऊ. "वडिलांचं काम करणारा भिवंडीहून यायचा होता. कालचं ऐकून त्याच्या घरच्यांनी सोडला नाही. शेठ, तुम्ही बसता का? दोनच वाक्यं आहेत."

दौलतशेठ नाही म्हणणार होते. पण कामगार बघत होते, आणि मालक घाबरला असं दिसणं बरं नव्हतं. ते बसले. समोर क्षितिजा बसली. वाक्यं मोठ्या अक्षरांत लिहून भाताच्या पातेल्याला चिकटवली होती.

"आज तुझा दिवस कसा गेला?" दौलतशेठ म्हणाले.

"शेठ, ग्रामसेवकाला विचारता तसं नको," रुमाव म्हणाला. "घरात विचारता तसं."

"घरात मी विचारीत न्हाय," दौलतशेठ म्हणाले, आणि बोलून गेल्यावर ते त्यांनाच ऐकू आलं.

दुसऱ्यांदा ते फार हळू बोलले. तिसऱ्यांदा कॅमेऱ्याकडे बघून बोलले. रुमावनं न चिडता पुन्हा सांगितलं, "मुलीकडे बघा." त्यांनी बघितलं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. रात्री झोपली नसावी. इतक्या जवळून, समोरासमोर, त्यांनी तिला कधी पाहिलं होतं ते त्यांना आठवेना.

"आज तुझा दिवस कसा गेला?"

कागदावर उत्तर होतं, छान गेला, बाबा. पण क्षितिजा म्हणाली, "न्हाय गेला, बाबा. कालचाही न्हाय गेला."

दौलतशेठनी पातेल्याकडे पाहिलं. त्यांचं दुसरं वाक्य तिथं होतं, चला, मग आधी प्रार्थना करू. चष्मा घरी होता. अक्षरं एकमेकांत गेली. त्यांनी समोरचं ताट बाजूला सारलं.

"सांग," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांग. मी मधी बोलनार न्हाय."

ती बोलायला लागली. रुमावनं पुढं होऊन कॅमेरा बंद केला आणि फोर्कलिफ्टवाल्याला हातानंच थांब म्हटलं.